‘मंद’ म्हणण्याआधी कान तपासा

तीन वर्षांचे पोर बोलत नाही म्हणून आई काळजीत पडली, की वस्तीतली जाणती माणसे तिला गप्प करतात. ‘बोलेल की! त्याचा बापही उशिराच बोलला होता.’ कुणी मधात वेखंड उगाळून जिभेला चोळायला सांगतो, कुणी अंगारा आणून देतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि पोराच्या गळ्यात ताईत! हे आपल्याच घरांत चालते, म्हणून आपणच बोलले पाहिजे.

नागपूरकडच्या एका वस्तीतला मुलगा माझ्या पाहण्यातला. मागून हाक मारली तर वळायचा नाही. शाळेत घालायला नेले तेव्हा ‘डोक्याने मंद आहे’ असा शेरा बसला. शेरा मारणाऱ्याने त्याच्या कानाकडे पाहिलेसुद्धा नाही. तो कान वर्षभर वाहत होता! पुढे सरकारी दवाखान्यात तपासणी झाली, तेव्हा कमी ऐकू येते असे निघाले. जे नीट ऐकूच येत नाही, ते पोर बोलणार कसे?

मूल वर्षाचे होईपर्यंत आवाजाच्या दिशेने वळते, बडबड करते. दीड वर्षात मोजके शब्द येतात, दोन वर्षांचे झाले की ‘पानी दे’ असे दोन शब्द जोडते. तिसऱ्या वर्षी त्याचे बरेचसे बोलणे परक्यालाही कळावे. यात फार मागे असेल तर वाट पाहू नये. येत असलेले बोलणे बंद झाले तर एक दिवसही नाही. काही मुले उशिरा का होईना, आपोआप बोलतात हे खरे. पण आपले मूल त्यातलेच आहे हे घरी बसून ठरवता येत नाही. कारण कधी कानात असते, कधी मेंदूच्या वाढीत, कधी स्वमग्नतेत. ते तज्ज्ञानेच शोधायचे. पण पहिली तपासणी कानाची. ती तान्ह्या बाळाचीही करता येते.

याची दुसरी बाजू मात्र आपल्याला चांगलीच ठाऊक आहे. ‘मले पानी पाह्यजे’ म्हणणाऱ्या लेकरात दोष नाही. ती त्याच्या मायची भाषा आहे. न-ण वरून हसणाऱ्या शिक्षकाने हा फरक शिकून घ्यावा. आणि आपणही इंग्रजीच्या ओढीने दोन वर्षांच्या पोराशी मोडक्या इंग्रजीत बोलू नये. इंग्रजी शिकवायचीच आहे, पण मायने आपल्या भाषेत भरभरून बोलावे. भाकरी थापताना, भांडी घासताना वस्तूंची नावे घ्यावीत, विचारावे आणि उत्तरासाठी थांबावे. पोर ‘पानी’ म्हणाले तर ‘थंड पानी पाह्यजे का?’ असे वाढवून म्हणावे. मोबाईल हातात दिला की पोर शांत होते, हीच तर अडचण आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, तोही आपल्या पालघरमधून. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी व्हावी, असे त्यात ठरलेले आहे. कमी ऐकू येणे, वाहता कान, भाषेतला मागासपणा हे सारे त्या यादीत आहे. दोष आढळला तर मुलाला जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात पाठवायचे आणि उपचार मोफत. कागदावर उत्तम! पण पथक येते त्या दिवशी वीटभट्टीवरचे आणि ऊसतोडीला गेलेले कुटुंब गावात असते का? केंद्रात वाचा-उपचार तज्ज्ञाची जागा भरलेली आहे का? आपले नगरसेवक, जिल्हा परिषद सदस्य हे कधी विचारतात?

पथकाची गाडी पुढे कधी येणार, ती तारीख अंगणवाडीच्या ताईंकडून लिहून घ्यावी. विहाराच्या फळ्यावर जयंतीच्या वर्गणीची यादी लागते, तिच्या शेजारी ती तारीखही लावता येईल.