एका तारेचे अंतर

दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या नोएडा, गाझियाबाद, फरिदाबाद, गुरुग्राम या शहरांत लहानशा खोलीत संसार मांडणारी असंख्य कुटुंबे आहेत. अशा खोलीत बहुधा दोन पडदे आढळतात. एक भिंतीवरच्या दूरचित्रवाणी संचाचा आणि दुसरा हातातल्या मोबाइलचा किंवा शाळेतून मिळालेल्या टॅबलेटचा. पहिला पडदा मोठा आहे, पण तो करमणुकीसाठी राखलेला असतो. दुसऱ्यात अभ्यासाचे पाठ असतात, पण तो तळहाताएवढा असतो. या दोन पडद्यांना जोडायचे तर घरात वायफाय हवे, दरमहा पैसे भरून घेतलेले इंटरनेट हवे, असा समज सर्वत्र रुजला आहे. हा समज खरा नाही. दोन पडद्यांमधले अंतर बहुतेक वेळा एका तारेचे असते. या साध्या गोष्टीकडे झालेले दुर्लक्ष गरीब विद्यार्थ्याला महागात पडते.

पडद्याचा उपयोग शिक्षणासाठी करावा, हा विचार दिल्लीला नवा नाही. भारतातील दूरचित्रवाणीचा जन्मच त्या विचारातून झाला. १५ सप्टेंबर १९५९ रोजी युनेस्कोच्या साहाय्याने दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. त्या वेळी संच घरोघरी नव्हते. ते सामुदायिक केंद्रांत ठेवलेले असत, आणि लोक एकत्र जमून कार्यक्रम पाहत व त्यावर चर्चा करत. १९६१ साली फोर्ड प्रतिष्ठानाच्या मदतीने दिल्लीच्या माध्यमिक शाळांसाठी दूरचित्रवाणीवरील पाठ सुरू झाले. ज्या शाळेत प्रयोगशाळा नव्हती, तेथील मुलांनाही विज्ञानाचे प्रयोग पडद्यावर पाहता येऊ लागले. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीच्या परिसरातील खेड्यांसाठी ‘कृषिदर्शन’ हा कार्यक्रम आला. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या मदतीने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत शैक्षणिक कार्यक्रम पोचवण्याचा मोठा प्रयोग झाला. या साऱ्या प्रयत्नांत एक गोष्ट समान होती. एक पडदा अनेकांचा होता, आणि पाहणाऱ्याला त्यासाठी रोज दाम मोजावे लागत नव्हते.

नंतरच्या काळात पडदा व्यक्तिगत झाला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत ‘आकाश’ या स्वस्त टॅबलेटचे अनावरण तत्कालीन मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिबल यांनी केले. विद्यार्थ्याच्या हाती अत्यल्प किमतीत संगणक देण्याची ही कल्पना निश्चितच मोठी होती. पहिल्या आवृत्तीची मंद गती आणि लवकर संपणारी बॅटरी यांवर टीका झाली, आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी तिची सुधारित आवृत्ती आली. त्यानंतरही सरकारांनी ही वाट सोडली नाही. उत्तर प्रदेशाने डिसेंबर २०२१ पासून तरुणांना टॅबलेट व स्मार्टफोन वाटण्यास प्रारंभ केला. हरियाणाने मे २०२२ मध्ये सरकारी शाळांतील वरच्या वर्गांच्या सुमारे ५ लाख विद्यार्थ्यांसाठी टॅबलेटची योजना सुरू केली. या योजनेत रोज २ जीबी डेटाही दिला होता. टॅबलेटबरोबर डेटा द्यावा लागतो, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे. उपकरण एकदा विकत घेता येते, पण इंटरनेट रोज विकत घ्यावे लागते.

करोनाच्या काळात ही अडचण सर्वांच्या डोळ्यांसमोर आली. वर्ग ऑनलाइन झाले आणि ज्या घरात उपकरण नाही किंवा डेटा नाही, तेथील मूल वर्गाबाहेर राहिले. सप्टेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांना उपकरण व इंटरनेट पुरवण्याचा आदेश शाळांना दिला. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. खर्च कोणी करावा, हा वाद मोठा होता. परंतु या वादात एक प्रश्न मागे राहिला. शिकण्यासाठी प्रत्येक क्षणी इंटरनेट आवश्यक आहे काय?

शिक्षकाशी थेट बोलायचे असेल, शंका विचारायची असेल, तर त्या वेळी जोडणी हवी, हे मान्य केले पाहिजे. पण अभ्यासाचा फार मोठा भाग तसा नसतो. दिवसभर कारखान्यात राबून रात्री दहावीची तयारी करणारा कामगार किंवा घरकाम आटोपून पुस्तक उघडणारी गृहिणी यांना एकच पाठ पुन्हा पुन्हा पाहावा लागतो. अर्ध्या तासाचा पाठ दर वेळी इंटरनेटवरून पाहिला, तर पाच वेळा पाहण्यास पाचपट डेटा खर्च होतो. तोच पाठ एकदा उतरवून घेतला, तर पन्नास वेळा पाहिला तरी अधिक खर्च नाही. केंद्र सरकारच्या ‘दीक्षा’ या अॅपमध्ये अशी सोय आहे. तेथील साहित्य उतरवून घेता येते आणि नंतर इंटरनेटशिवाय पाहता येते. अभ्यासकेंद्रात, ग्रंथालयात किंवा ओळखीच्या घरी जोडणी मिळाली, की आठवड्याचे पाठ एकदाच घेऊन ठेवणे शक्य आहे.

आता उरतो लहान पडद्याचा प्रश्न. भूमितीची आकृती, नकाशातील नावे, गणिताच्या पायऱ्या छोट्या पडद्यावर वाचताना डोळे शिणतात. चाळिशी ओलांडलेल्या विद्यार्थ्याला तर ते फारच जड जाते. शिवाय छोट्या पडद्याभोवती दोघांनाही नीट बसता येत नाही. येथे ती तार उपयोगी पडते.

एचडीएमआय हे त्या जोडणीचे नाव. डिसेंबर २००२ मध्ये तिचे पहिले प्रमाण निश्चित झाले. या एकाच तारेतून चित्र आणि आवाज दोन्ही जातात, आणि तिच्यासाठी इंटरनेट मुळीच लागत नाही. आजच्या बहुतेक सपाट संचांच्या मागे किंवा बाजूला तिची खाच असते. काही टॅबलेटला लहान आकाराची एचडीएमआय खाच असते, तेथे तार थेट बसते. अनेक नव्या टॅबलेटला टाइप-सी खाच असते, तेथे मधे एक छोटा अॅडाप्टर लावावा लागतो. जोडणी झाल्यावर रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण दाबून तार लावलेली खाच निवडली, की टॅबलेटवरचे दृश्य मोठ्या पडद्यावर उमटते.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. प्रत्येक टाइप-सी खाचेतून चित्र बाहेर जात नाही. बऱ्याच स्वस्त टॅबलेटमध्ये ती केवळ चार्जिंगसाठी आणि फाइल पाठवण्यासाठी असते. खाच दिसायला सारखी असल्यामुळे ग्राहक फसतो आणि अॅडाप्टरचे पैसे वाया जातात. म्हणून आधी माहितीपुस्तिका पाहावी किंवा दुकानातच जोडून दाखवण्यास सांगावे. चित्र बाहेर जात नसेल, तरी वाट संपत नाही. पाठाची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन संचाच्या यूएसबी खाचेत लावली, तर अनेक संच ती दाखवतात. काही संच आणि टॅबलेट परस्परांशी बिनतारी जोडले जातात. त्यांच्यातील ‘मिराकास्ट’ या सोयीलाही इंटरनेट लागत नाही. संच जुना, फुगीर काचेचा असेल, तर त्याच्या पिवळ्या, पांढऱ्या व लाल खाचांसाठी वेगळा कन्व्हर्टर मिळतो, परंतु त्यावर बारीक अक्षरे स्पष्ट दिसत नाहीत.

एवढीही व्यवस्था ज्या घरात नाही, तेथे केवळ दूरचित्रवाणी संच पुरेसा ठरू शकतो. ९ जुलै २०१७ रोजी ‘स्वयंप्रभा’ या नावाने ३२ शैक्षणिक वाहिन्यांचे औपचारिक उद्घाटन झाले. ‘डीडी फ्री डिश’द्वारे त्या मासिक शुल्काशिवाय पाहता येतात. कामाच्या वेळा सांभाळणाऱ्यांसाठी तेथील पाठ दिवसातून अनेकदा पुन्हा दाखवण्याची योजना आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. इंटरनेट दिवसेंदिवस स्वस्त होत असताना तारेचा आग्रह म्हणजे मागे जाणे नव्हे काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात देशातील सुमारे २४ टक्के कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय आढळली होती. त्यानंतर हे प्रमाण पुष्कळ वाढले, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि घरात एक जोडणी असणे आणि ती अभ्यास करणाऱ्याच्या वाट्याला येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एकुलता मोबाइल वडिलांबरोबर कामावर गेला, की घरातले इंटरनेटही त्याच्याबरोबर जाते. उतरवून ठेवलेला पाठ मात्र घरातच राहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मोठ्या पडद्यावर मालिका आणि सामने असताना अभ्यासाला जागा कोण देणार? हा प्रश्न तारेचा नसून कुटुंबातील न्यायाचा आहे. रात्री एक तास संच अभ्यासासाठी मोकळा ठेवणे, हा शिकणाऱ्या गृहिणीचा किंवा मुलीचा हक्क मानला गेला पाहिजे. तंत्रज्ञान ही जागा मिळवून देऊ शकत नाही. ती घरच्यांनीच द्यावी लागते.

सरकारचे कर्तव्यही येथे संपत नाही, उलट येथून सुरू होते. लाखोंच्या संख्येने टॅबलेट खरेदी करताना त्यातून चित्र बाहेर जाते की नाही, ही अट घातली गेली पाहिजे. प्रत्येक अभ्यासकेंद्रात एक मोठा पडदा, एक तार आणि पाठ उतरवून घेण्यापुरती जोडणी असावी. शैक्षणिक पाठ उतरवून घेता येतील अशाच स्वरूपात प्रसिद्ध व्हावेत. या गोष्टींचा खर्च थोडा आहे, लाभ मात्र दीर्घकाळ टिकणारा आहे.

तारेने शिक्षकाची उणीव भरून निघत नाही, आणि मोठ्या पडद्याने विषय आपोआप सोपा होत नाही. दिल्लीतील पहिल्या दूरचित्रवाणी केंद्रांतही केवळ पाहण्यावर भर नव्हता. पाहिल्यानंतरची चर्चा तितकीच महत्त्वाची मानली जाई. आजही मोठ्या पडद्यासमोर आई आणि मुलगा, दोघी मैत्रिणी किंवा चार सहकारी एकत्र बसले, तर पाठ संपल्यावर ते एकमेकांना प्रश्न विचारतील. एकट्याने केलेला अभ्यास मग सोबतीचा होईल. शाळेची वाट एकदा चुकलेल्या माणसाला ती पुन्हा चालताना सोबतीची गरज सर्वांत जास्त असते, आणि ती सोबत घरातच, दोन पडद्यांच्या मधल्या त्या छोट्याशा अंतरावर, वाट पाहत असते.