तीसचा बोर्ड कोण लावणार?

शाळा सुटायच्या वेळी आमच्या गावच्या फाट्यावर येऊन उभे राहा. दप्तरं पाठीला लावून पोरं रस्ता ओलांडत असतात आणि समोरून दोन ट्रेल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर येतो. त्याला ओव्हरटेक करत मागची गाडी सुसाट सुटते. गेल्या हंगामात इथेच चौथीतल्या एका मुलीला मोटारसायकलची धडक बसली. पाय मोडला, जीव वाचला. दुसऱ्या दिवशी आम्ही पोरांनीच दगड-माती टाकून स्पीडब्रेकर केला. आठवडाभरात रात्रीच्या अंधारात त्याच्यावर एक दुचाकीवाला आपटला. तेव्हा कळलं की राग खरा असला तरी उपाय चुकला.

मग पंचायतीत विचारलं, वेगमर्यादेचा बोर्ड का लावत नाही? उत्तर आलं, "ते आमच्या हातात नाही." मला वाटलं टोलवाटोलवी आहे. पण कायदा वाचला तर ते खरंच निघालं.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. एखाद्या रस्त्यावर वेग कमी ठरवायचा अधिकार राज्य सरकारला किंवा सरकारने नेमून दिलेल्या अधिकाऱ्याला आहे. त्याची अधिसूचना निघते, मग बोर्ड लागतो. अशी काही मर्यादा ठरलेली नसेल तर केंद्राची २०१८ ची कमाल मर्यादा उरते. साध्या रस्त्यावर कारला ताशी ७० किमी, दुचाकीला ६०. म्हणजे शाळेसमोरून साठने जाणारा निव्वळ वेगाच्या हिशोबात गुन्हेगार ठरत नाही! आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी थांबायला चौपट अंतर लागतं. तीस आणि साठमधला फरक एवढा आहे.

पण ठरवता येत नाही म्हणजे मागताही येत नाही, असं थोडंच आहे? ग्रामसभेत ठराव करता येतो. तो ठराव डीसी ऑफिसला पाठवता येतो. त्याच कायद्याच्या कलम २१५ मध्ये जिल्हा रस्ता सुरक्षा समितीची तरतूद आहे. तिथे आपल्या फाट्याचा विषय घ्या म्हणून पाठपुरावा करता येतो. रस्ता पीडब्ल्यूडीचा की जिल्हा पंचायतीचा, हे मात्र आधी विचारून घ्या, नाहीतर कागद नुसता फिरत राहतो.

आता भाषेचं. घटनेचं कलम ३५० सांगतं की तक्रार अर्ज राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. तेव्हा अर्ज मराठीतच द्या, पोच घ्या. माझं मत असं की सोबत कन्नड प्रतही जोडावी. हक्क सोडायचा नाही आणि काम अडू द्यायचं नाही. त्या रस्त्याने कन्नड घरातली पोरंही शाळेला जातात. त्यांच्या आई-बापांची सही अर्जावर आली तर अर्ज जडच होईल.

काही जण म्हणतील, सीमाप्रश्न सोडून हे काय काढलंस? सोडलेला नाही. १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीत मीही चालतो. पण महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि निकाल कधी लागेल ते आपल्या हातात नाही. तोवर आपली पोरं ह्याच रस्त्याने चालणार. वेंगुर्ले रोडने बाची ओलांडून शिनोळीत गेलं की राज्य बदलतं, मोटार वाहन कायदा तोच राहतो. गाव कुठल्या राज्यात असावं यासाठी लढणाऱ्याला गावच्या रस्त्याचा हिशोबही मागता आला पाहिजे.

म्हणून एवढंच करा. पुढच्या ग्रामसभेची तारीख पीडीओंना विचारा. फाट्याचे फोटो, शाळा भरायच्या-सुटायच्या वेळा, आजवरचे अपघात एका कागदावर मांडा. ठराव मराठीत लिहून न्या आणि त्याची नक्कल घेतल्याशिवाय घरी येऊ नका. आमच्या गावात आम्ही हेच करणार आहोत. तुमच्या गावचा फाटा कुठला?