एमएच-३० ची म्हातारी

दिवाळीला नागपूरहून घरी गेलो की फराळासोबत एक वाद ठरलेला असतो. गाडी कोणत्या कंपनीची चांगली? शिरपूर जैनला आमच्या ओसरीवर यात तीन पक्ष आहेत. दाजी टोयोटाचे. क्वालिस २००५ मध्ये बंद झाली, पण त्यांच्या लेखी तिच्या तोडीची गाडी अजून निघायची आहे. पुण्याचा आतेभाऊ टाटावाला, त्यातही आता इलेक्ट्रिकवाला. आणि बाबा मारुतीचे, म्हणजे अंगणात उभ्या असलेल्या त्या एकाच मारुतीचे.

ही ८०० आम्ही १९९७ च्या दसऱ्याला अकोल्याहून आणली. वाशीम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला, म्हणून तिचा नंबर एमएच-३०. जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी गाडी!

२०२५ च्या दिवाळीत आतेभाऊ म्हणाला, "मामा, आता हिला स्क्रॅपला द्या. पर्यावरणाचं तरी बघा."

बाबा म्हणाले, "गाडी मेली नाही अजून, अन् तू तिची तेरवी कायले करून रायला बे?"

सगळे हसले आणि चिवड्याची ताटली फिरली. पण नंतर बाबा बराच वेळ गप्प होते. त्यांचं वय आता अठ्ठ्याहत्तर. ही गाडी म्हणजे त्यांचं मालेगावला जाणं, बँक, भाजी, एखाद्या जुन्या मित्राकडचा चहा. दुसरी गाडी आता ते शिकणार नाहीत. त्यामुळे स्क्रॅप नक्की कशाला करायचं आहे, हे आतेभावाला कळत नव्हतं. मला कळत होतं, म्हणून हा लेख.

कंपन्यांच्या वादात मला फारसा दम वाटत नाही. देवूची मातीज काय वाईट गाडी होती? पण कंपनीच बुडाली आणि गाड्या पार्टसाठी अडून बसल्या. गाडीचं आयुष्य इंजिनाइतकंच मिस्त्री आणि सुटे भाग ठरवतात. ८०० भारतात १९८३ पासून २०१४ पर्यंत बनत राहिली. तिची क्लच केबल मागितली तर मालेगावचा दुकानदार फळीकडे न बघता हात घालतो.

पर्यावरणाचं प्रकरण एवढं सोपं नाही. आतेभावाला मी आधी पारसची आठवण करून दिली. आपल्याकडे गाडी चार्ज होणार ती बरीचशी कोळशाच्याच विजेवर. तो म्हणाला, तरीही एकूण हिशेब इलेक्ट्रिकच्याच बाजूने जातो. खरं आहे. पण गाडी भरपूर चालली तर! नवी गाडी बनवताना जो धूर कारखान्यात निघतो, तो फिटायला हजारो किलोमीटर धावावं लागतं. आमची म्हातारी वर्षाला दोन हजारही धावत नाही. नवी घेतली की हप्ते वसूल करायला आपण उगाच समृद्धीवर फिरून येतो, ते वेगळंच.

एवढं बोलून मी जिंकलो असं मला वाटलं. मग पीयूसी संपल्याचं आठवलं.

मागच्या वेळी एका ठिकाणी गाडी न बघताच कागद मिळाला होता. यंदा हट्टाने नळी सायलेन्सरमध्ये घालायला लावली. आली नापास! कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्के. मार्च २००० पर्यंतच्या पेट्रोल गाडीला तीन टक्क्यांपर्यंत मुभा आहे. आजच्या नव्या गाडीला ०.३. म्हणजे आमची पास झाली असती तरी दहापट धूर कायदेशीरच ठरला असता. १९९५ मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो चार महानगरांपुरता. अकोल्यात घेतलेल्या आमच्या गाडीला तो नव्हताच. हा आकडा मला अजून टोचतो, खोटं कशाला बोलू.

तरीही नुसतं वय बघून गाडी मोडीत काढणं मला पटत नाही. दिल्लीत १ जुलै २०२५ पासून जुन्या गाड्यांना पेट्रोल बंद केलं आणि काही दिवसांतच तो निर्णय थांबवावा लागला. वयापेक्षा धूर मोजा, ब्रेक बघा, आणि खरोखर बघा. फुकटच्या कागदाने आमच्यासारख्यांचीच बाजू लंगडी होते. सरकारने २०२२ मध्ये नोंदणी नूतनीकरणाची फी ६०० वरून ५००० केली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारला १०,०००. पैसे घ्या हो, पण त्यात तपासणी तरी नीट करा.

दाजींचा एक मुद्दा मात्र मी मान्य केला. समृद्धीवर ही गाडी न्यायची नाही. एअरबॅग नाही, पत्रा पातळ, आणि बाजूने १२० च्या वेगाने जाणारे लोक. बाबांनी मान हलवली, म्हणजे होकार असावा.

मिस्त्रीने कार्बोरेटर खोलून साफ केला, एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले. परत नळी घातली. १.८.

"पास ना?" बाबांनी विचारलं. हो म्हटल्यावर चोक ओढून गाडी चालू केली आणि पिशवी विसरली म्हणून दोन मिनिटांत परत आले.