गरम झाली की गाडी रुसते?

भर दुपारी घाट चढता चढता गाडी एकाएकी बंद पडते. ना धक्का, ना धूर. मंडळी खाली उतरतात, मुले झाडाच्या सावलीला जातात, बॉनेट उघडून सगळे आळीपाळीने आत डोकावतात. अर्ध्या तासाने तीच गाडी, जणू काही घडलेच नाही अशा थाटात, सुरू होते! मेकॅनिककडे न्यावी तर तिथे शहाण्यासारखी वागते. कुणी पेट्रोलमध्ये कचरा असल्याचे सांगतो, कुणी पंप बदलायला लावतो. पंपाचे पैसे जातात आणि आठ दिवसांनी पुन्हा तोच प्रकार.

अशा वेळी ज्याच्यावर आधी संशय घ्यावा तो क्रँकशाफ्ट पोझिशन सेन्सर. बोटभर लांबीची ही वस्तू इतक्या अडचणीत बसवलेली असते की वर्षानुवर्षे गाडी चालवणाऱ्यालाही तिचे दर्शन घडलेले नसते.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर आधी जीव सांभाळावा. ब्रेकला इंजिनाकडून मिळणारी मदत थांबते. साठलेल्या जोरावर दोन-तीन वेळा ब्रेक नीट लागतो, मग पेडल दगडासारखे होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. म्हणून ब्रेक सारखा पंपासारखा न मारता एकदाच नेटाने दाबून धरावा आणि गाडी कडेला घ्यावी. ती थांबेपर्यंत चावी काढू नये, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल.

जुन्या अँबॅसॅडर किंवा पद्मिनीत ठिणगी कधी पाडायची हे डिस्ट्रिब्युटर ठरवत असे. पॉइंट पॉलिश पेपरने घासले की ड्रायव्हर पुढच्या प्रवासाला मोकळा! आता हा निर्णय इंजिनाचा संगणक घेतो आणि त्याला क्रँकशाफ्ट नेमका कुठे आहे हे कळवतो हा सेन्सर. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरते. बऱ्याच गाड्यांत त्यावर ६० दातांची जागा असते, पण दात ५८च. गाळलेल्या दोन दातांची फट समोरून गेली की एक फेरी झाली हे संगणकाला उमगते. मिनिटाला ३००० फेऱ्या होत असतील तर सेकंदाला २९०० दात सेन्सरसमोरून जातात. ही मोजणी थांबली की संगणक पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही बंद करतो. काही सेन्सरमध्ये केसासारख्या तारेचे वेटोळे असते. ती तार आतून तुटत आली असेल तर उष्णतेने टोके दूर होतात, थंड झाल्यावर पुन्हा चिकटतात. रुसव्याचे कारण बहुधा इथेच सापडते.

आता तो शोधायचा कुठे? जागा तीनच, पण कंपनीगणिक वेगळ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते आणि पट्ट्याची पुली पुढच्या एका चाकाकडे तोंड करून असते. ते चाक आणि आतले प्लॅस्टिकचे आवरण काढले की खालच्या मोठ्या पुलीजवळ सेन्सर दिसू शकतो. तिथे नसेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथे, फ्लायव्हीलच्या काठाशी पाहावे. त्यासाठी कधी एअर फिल्टरचा डबा बाजूला करावा लागतो. तिसरी जागा इंजिन ब्लॉकच्या कुशीत, स्टार्टर किंवा ऑइल फिल्टरच्या आसपास.

फसगत होते ती त्याच्या भावंडांमुळे. कॅमशाफ्टचा सेन्सर दिसायला अगदी तसाच, पण तो वर, हेडच्या बाजूला असतो. मध्यातून बोल्ट आरपार गेलेला चपटा गोळा म्हणजे नॉक सेन्सर. ऑइल प्रेशरचा स्विच स्क्रूसारखा पिळून बसवलेला असतो. आपला सेन्सर मात्र भोकात खुपसलेला आणि बहुधा एकाच बोल्टने धरलेला. वायरी दोन किंवा तीन.

हे काम इंजिन थंड असताना, बॅटरीची निगेटिव्ह तार काढून करावे, कारण रेडिएटरचा पंखा बंद गाडीतही अचानक फिरू लागतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कितीही घाईत, शिरू नये. खाली भक्कम स्टँड हवाच.

स्कॅनरने पी ०३३५ हा कोड दाखवला म्हणून लगेच नवा सेन्सर आणायला धावू नये. हा कोड त्या सर्किटमधला बिघाड सांगतो आणि सर्किटमध्ये वायर अन् प्लगही आले. पावसाळ्यात बॉनेटखाली बिऱ्हाड थाटणाऱ्या उंदीरमामांना या वायरी फार आवडतात! प्लगमधला गंज, कुरतडलेली वायर आणि सेन्सरच्या टोकाला चिकटलेला लोखंडाचा कीस आधी पाहावा. कीस पुसून काम भागले तर उत्तम. नवा बसवायचाच झाला तर रबरी रिंगला तेलाचा हात लावून तो हातानेच सरकवावा, ठोकू नये. काही गाड्यांत त्यानंतर संगणकाला नव्या सेन्सरची ओळख स्कॅनरने करून द्यावी लागते. तेव्हा ती सोय त्या गॅरेजमध्ये आहे का, हे जुना सेन्सर काढण्याआधीच विचारून घ्यावे.