कुत्र्याचे कान आणि आपल्या औषधांचा डबा

घरातला कुत्रा दोन दिवस मान झटकत आहे, मागच्या पायाने कान खाजवत आहे, दिवाणाच्या कडेला डोके घासत आहे. कानाची पाळी उचलून पाहावी तो आत तपकिरी मळ आणि आंबूस वास. अशा वेळी वडीलधाऱ्यांच्या औषधांच्या डब्यात कानात घालायच्या थेंबांची एखादी बाटली असतेच, आणि हात सहज तिच्याकडे जातो. तो हात तेथेच थांबवावा, अशी आमची विनंती आहे.

कुत्र्याच्या कानाची नळी आधी खाली उतरते आणि मग जवळजवळ काटकोनात आत वळते. पडदा त्या वळणापलीकडे असतो. तो शाबूत आहे की फाटला आहे, हे आपल्याला वरून पाहून कळत नाही. फाटलेला असेल, तर जेंटामायसिनसारखे औषध अथवा स्पिरिट आतल्या कानापर्यंत पोहोचून श्रवणशक्ती कायमची जाऊ शकते, तोलही बिघडू शकतो. लसूण घालून कोमट केलेले तेल हा आपल्या घरांतला जुना उपाय. त्यामागची माया खरी. पण अशा कानांत बहुधा वाढणारे मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट स्निग्धतेवरच पोसते. कापसाच्या काडीने तर मळ निघण्याऐवजी वळणापलीकडे ढकलला जातो.

आपल्या मुंबईच्या पावसाळ्यात शिवाजी पार्कावरून भिजून आलेल्या, लोंबत्या कानांच्या लॅब्रॅडॉर किंवा कॉकर स्पॅनिएलच्या कानांत ओल कोंडून राहते. मात्र सारा दोष पावसावर टाकू नये. तोच त्रास वर्षातून तीन-चार वेळा होत असेल, तर मूळ बहुधा ॲलर्जीत असते, कधी खाण्यातल्या, कधी धुळीतल्या. ते शोधल्याशिवाय केवळ थेंब घालत राहणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून फरशी पुसणे होय. लहान पिल्लाच्या कानात कॉफीच्या भुकटीसारखा काळा मळ दिसला, तर कानातल्या सूक्ष्म किडींची शंका घ्यावी.

पशुवैद्य उपकरणाने पडदा पाहतात आणि मळाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. यीस्ट, जीवाणू, किडी यांची औषधे वेगवेगळी असतात. म्हणून जाण्यापूर्वी कान पुसून स्वच्छ करू नये. परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय 1883 पासून आणि मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. लालबाग-दादरकरांना दूर जाण्याचे कारण नाही. मान एका बाजूला कलली, चालताना झोक जाऊ लागला किंवा पाळी फुग्यासारखी सुजली, तर त्याच दिवशी न्यावे.

घरच्या शुश्रूषेत आपल्या गुडघ्यांचाही विचार हवा. जमिनीवर वाकून बसण्यापेक्षा कुत्र्याला दिवाणावर घ्यावे आणि दुसऱ्या कोणीतरी त्याला धरावे. पशुवैद्यांनी दिलेले धुण्याचे द्रावण बाटली तळहातांत धरून किंचित कोमट करावे, कानात सोडावे, कानाच्या मुळाशी अर्धा मिनिट हलके चोळावे आणि त्याला मान झटकू द्यावी. (भिंतीवर शिंतोडे उडतील, जुना पंचा जवळ ठेवावा.) बाहेर आलेला मळ कापसाने टिपावा आणि थोड्या वेळाने औषध घालावे. चार दिवसांत खाज थांबते आणि औषध मागे पडते. तेथेच रोग पुन्हा डोके वर काढतो. सांगितलेले दिवस पुरे करून फेरतपासणीस न्यावे.

दुखऱ्या कानाला हात लागला, तर मायाळू कुत्राही चावतो. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे काम स्वतः करू नये, केवळ धरण्यास मदत करावी. चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि लगेच डॉक्टरांकडे जावे, मग कुत्र्याला लस दिलेली असो वा नसो.

आणखी एक. त्याच्या कानाची बाटली आणि आपल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरच्या थेंबांची बाटली दिसायला जवळजवळ सारखीच असते. त्याचे औषध निराळ्या डब्यात, निराळ्या फळीवर ठेवावे, आणि झाकणाला लाल दोरा बांधावा.