आठाचा आकडा आणि करूळचा घाट

दीड दिवसाचा गणपती पोचवून आम्ही खळ्यात चहा घेत बसलो होतो. नवशिक्या पोरांनी सुरुवातीची दोन वर्षं कोणती मोटारसायकल चालवावी यावर कायद्याचं बंधन असायला हवं, एवढंच मी म्हणालो. त्यावर मुंबईहून आलेले एक शिकलेसवरलेले पाहुणे हसले. ‘गाडयेचो काय दोष? चलवणाऱ्याची अक्कल बघा,’ असा निकाल देऊन त्यांनी चहा बशीत ओतला. कोपऱ्यात वाती वळत बसलेल्या म्हातारीने तेवढ्यात विचारलं, ‘अक्कल शोरूमात गावता काय रे झिला?’ खरं तर वाद तिथेच संपायला हवा होता. पण पाहुण्यांना बोलायचं होतं, आणि आता मला लिहायचं आहे.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. गाडी कितीही सीसीची असो, जबाबदार माणूस जबाबदारीनेच चालवतो. लहान गाड्या आमच्या घाटात दम टाकतात. मोठ्या गाडीचे ब्रेक चांगले असतात, म्हणजे उलट तीच सुरक्षित. सरकारने आधी रस्ते सुधारावेत. आणि पायरीपायरीने लायसन्स हे विलायती थेर आहेत. एका कपात पाच मुद्दे. चहा स्वस्त पडला.

घाटाचं म्हणाल तर वैभववाडीतून शंभर सीसीच्या गाडीवर मागे बायको आणि टाकीवर तांदळाची पिशवी घेऊन माणसं गगनबावड्याला जातात. रस्त्याचं म्हणाल तर हाच करूळ घाट २०२४च्या जानेवारीत काँक्रीटसाठी बंद झाला तो वर्षभराहून अधिक बंद राहिला, आणि उघडल्यापासून त्याच वळणांवर पोरांचा वेग वाढला आहे. ब्रेकच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे, ते मी नाकारत नाही. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि खालच्यांना नुसतं सीबीएस दिलं तरी चालेल असं ठरलं. म्हणजे ज्याला ब्रेक दाबायचा कसा हेच अजून कळत नाही, त्याच्या गाडीला कमी प्रतीचा ब्रेक. पण यावरचा उपाय लहान गाडीला एबीएस द्या हा झाला. पोराला मोठी गाडी द्या, हा कुठला उपाय?

आता अकलेकडे वळतो, कारण माझा राग तिथेच आहे. अक्कल ही एकच कसोटी असेल तर लायसन्स तरी कशाला? ट्रकवाल्याला काय अक्कल नसते? तरीही मोटार वाहन कायदा १९८८ सांगतो की २० वर्षं पूर्ण होईपर्यंत माल-प्रवासी वाहतुकीचं वाहन चालवायचं नाही. त्याच कायद्याचं सातवं कलम सांगतं की असं वाहन शिकायचं लायसन्स हवं असेल तर आधी हलक्या वाहनाचं लायसन्स निदान वर्षभर हातात असलं पाहिजे. म्हणजे पायरीपायरीने चढायचं हे ‘विलायती थेर’ आपल्याच कायद्यात पस्तीसहून अधिक वर्षं मांडी घालून बसलं आहे, आणि पाहुण्यांना त्याचा पत्ता नाही. चार चाकांना पायऱ्या आहेत. दोन चाकांवर आलं की कायद्याला दोनच जाती दिसतात, गिअरवाली आणि बिनगिअरची.

लायसन्सच्या कॅम्पला कधी जाऊन बघा. चुन्याने आठ आखलेला असतो. एक स्प्लेंडर असते, तीही कुणाच्या तरी काकांची. रांगेतली पोरं आळीपाळीने तिच्यावर बसतात, पाय न टेकवता आठ काढतात आणि गाडी पुढच्याच्या हवाली करतात. स्प्लेंडर ९७ सीसीची, ताकद साधारण ८ हॉर्सपॉवर. तिच्यावर मिळवलेल्या कार्डावर तोच पोरगा ३९०ची ड्यूक, आणि बापाकडे पैसे असतील तर १३४० सीसीची हायाबुसासुद्धा, अगदी कायदेशीर चालवू शकतो. हायाबुसा सोडा, ती आमच्याकडे येत नाही. ड्यूक येते. तिची ताकद ४० हॉर्सपॉवरच्या वर, म्हणजे स्प्लेंडरच्या पाचपट, आणि वजन मात्र दीडपटच. आठाच्या आकड्यात दुसरा गिअर पडत नाही. करूळच्या उतारावर कोणता गिअर हवा हे त्या चुन्याच्या रेघेने शिकवलेलंच नसतं.

आणि घाटात काय होतं? पावसात कठड्याकडेला शेवाळ, दरडीची लाल माती, समोर धुकं. हिवाळ्यात वर चढणारे उसाचे ट्रक वळणावर अर्धा रस्ता जास्त खातात. घाबरलेला नवशिका दोनच गोष्टी करतो: पुढचा ब्रेक आवळतो, नाहीतर दरीकडे बघतो, आणि डोळे जिकडे तिकडे गाडी. बावचळून मूठ जरा जास्त पिळली गेली तर स्प्लेंडर कण्हते, ड्यूक उडी मारते. त्या एका क्षणात माणूस सारखाच असतो, अक्कलही तेवढीच असते. फरक फक्त गाडीचा पडतो. चूक करायला सवड देणारी गाडी नवशिक्याला हवी, इतकं साधं आहे हे.

ही अकलेची भाषा मला नवी नाही. हेल्मेटच्या वेळी हीच ऐकली. पुण्यात तर हेल्मेटविरुद्ध मोर्चे निघाले: मान दुखते, हॉर्न ऐकू येत नाही, डोकं आमचं आहे. डोकं तुमचं, मान्य. पण ते फुटल्यावर शिवायला बसणारा डॉक्टर, रक्त द्यायला धावणारी वाडी आणि जन्मभर अंथरुणाशी बसणारी आवस कुणाची? असो. तो वाद मी अनेकदा जिंकलो आणि एकदाही कुणी हेल्मेट घातलं नाही.

दुचाकीला एक पायरी कायद्याने ठेवली होती, हे न्यायासाठी सांगायला हवं. १६व्या वर्षी ५० सीसीपर्यंतची गाडी चालवता येते. ही लुनाच्या जमान्याची सोय. १९७२ साली आलेल्या त्या लुनेवरच मी शिकलो. भुईबावड्याच्या चढाला पॅडल मारावं लागे, आणि पॅडल मारणाऱ्याला मस्ती सुचत नाही. आज ५० सीसीची पेट्रोल गाडी शोरूममध्ये मिळत नाही. पायरी पुस्तकात उरली, जिना गेला. उलट २०१९च्या दुरुस्तीने अठराच्या आतल्या पोराला गाडी दिली तर बापाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड ठेवला. छान केलं. पण तोच पोरगा अठराचा झाला, शिकाऊ लायसन्सचे ३० दिवस भरले, आठ निघाला, की कायदा हात झटकून मोकळा.

‘युरोपात अठराव्या वर्षी ३९० चालवतात,’ हेही पाहुण्यांनी फोनवर काढून दाखवलं. चालवतात. तिथे त्या वयाला ३५ किलोवॉटची मर्यादा आहे, आणि परीक्षा त्या वर्गाच्या गाडीवरच द्यावी लागते, काकांच्या स्प्लेंडरवर नाही. सोळाव्या वर्षी मिळते ती १२५ सीसी, ११ किलोवॉटपर्यंतचीच. गंमत म्हणजे त्या वर्गासाठीची १२५ची ड्यूक आपल्या चाकणला बनून तिकडे गेली. जपानातही ४०० सीसीच्या वर जायला वेगळं लायसन्स लागतं. गाड्या बनवणाऱ्यांना गाड्यांची भीती वाटते, आम्हाला वाटत नाही.

मग करायचं काय? पहिली दोन वर्षं ११ किलोवॉटपर्यंतची गाडी. नुसते सीसी मोजून भागणार नाही, कारण विजेच्या गाडीला सीसी नसतात. पुढे मोठी हवी तर मोठ्या गाडीवर परीक्षा, आणि निदान आमच्या जिल्ह्यात तरी ती चढउतारावर. लायसन्सचा वर्ग नोंदणीच्या वेळी शोरूमनेच तपासावा. गाडी बापाच्या नावावर घेतली तर काय, हा आक्षेप मला ठाऊक आहे. वर्ग चुकला की विमा कंपनी भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे, आणि ते पुरेसं नाही. याबाबत पाहुण्यांनाच विचारायला हवं. खळ्यात हार घालून उभी असलेली त्यांच्या पोराची ३९० त्यांच्याच नावावर आहे.