उडी आणि पाटवडी

मार्सेलिस म्हटले की मराठी माणसाला ८ जुलै १९१० ची सावरकरांची उडी आठवते. गेली वीस वर्षे वर्गात ती गोष्ट सांगताना मी समुद्र चांगलाच खवळवत आलो आहे. गेल्या मे महिन्यात प्रत्यक्ष तिथे जाण्याचा योग आला, तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, आता तुमच्या त्या लाटा एकदाच्या दाखवा!"

शहर फार जुने. इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोकेआच्या ग्रीक दर्यावर्दींनी ते वसवले. जुन्या बंदराच्या काठी आजही सकाळी कोळी ताजी मासळी मांडतात. 'बुयाबेस' हे इथले मासळीचे नामांकित कालवण. एका हॉटेलाबाहेर त्याचा दर वाचूनच आमचे पोट भरले! मुळात मात्र ते गरिबाघरचे. विकली न गेलेली काटेरी मासळी कोळ्यांनी एका हंड्यात शिजवायची, एवढाच त्याचा थाट होता. केशराचा आणि मोठ्या दराचा मान त्याला पुढे मिळाला.

आम्ही दोघे पडलो शाकाहारी. तेव्हा जुन्या बंदरातून लेस्ताक नावाच्या जुन्या कोळीवाड्याकडे जाणाऱ्या लहानशा बोटीत बसलो. तोंडाशी समोरासमोर उभ्या असलेल्या दोन किल्ल्यांमधून बोट बाहेर पडली. उजव्या हाताला लांबलचक बांध आणि त्याच्यामागे व्यापारी बंदराचे धक्के दिसू लागले. बांधाच्या आत पाणी तळ्यासारखे निवांत होते. सौ.नी माझ्याकडे नुसते पाहिले.

खरे तर मी सारे वाचलेले होते. 'मोरिया' बोट बंदरातच उभी होती. पोर्टहोलमधून उडी, थोडे पोहणे, धक्का चढून धावत सुटणे आणि फ्रेंच शिपायाच्या हाती सापडणे, हा सगळा काही मिनिटांचा मामला. शिपायाने त्यांना पुन्हा बोटीवर नेऊन दिले. हेगच्या लवादाने २४ फेब्रुवारी १९११ ला निकालही ब्रिटनच्याच बाजूने दिला. मागे पहारा, पुढे अनोळखी देश, आणि फसले तर काय होईल हे स्वच्छ दिसत असताना माणूस उडी घेतो. तिथे लाटा कशाला हव्यात? त्या मी माझ्या पदरच्या घातल्या होत्या. मनातून ओशाळलो.

लेस्ताकला उतरल्यावर एका टपरीवर 'पानीस' मिळाले. हरभऱ्याचे पीठ पाण्यात घोटून शिजवायचे, थंड करून घट्ट होऊ द्यायचे, चकत्या कापून तळायच्या आणि वर मीठमिरी. सौ.नी पहिला घास घेतला मात्र, "अहो, ही तर आपली पाटवडी! फोडणी तेवढी विसरलेत बिचारे!"

यंदा आमच्या फराळाच्या ताटात चकलीशेजारी पानीस आहे. आणि जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर मी ती उडी पुन्हा सांगितली. या वेळी समुद्र शांत ठेवला. मागच्या बाकावरची मुलेसुद्धा ऐकत होती.